शरदातल्या पावसात घोड्याला झूल कधी घालायची, कधी नाही

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशायर, दुपारचे चार. पाऊस आडवा येतोय. फोन म्हणतो ११ अंश. यार्डातल्या, म्हणजे घोडे ठेवायच्या आवारातल्या, निम्म्या बायका झुलींचे गठ्ठे उपसतायत, उरलेल्या निम्म्या 'एवढ्यात कसली झूल' म्हणत चहा पितायत. कुंपणापलीकडे माझी दोन जनावरं पावसाकडे ढुंगण करून उभी आहेत. डॉटी हे फेल जातीचं गुबगुबीत तट्टू. बार्नी हा तेवीस वर्षांचा, शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. शेत तेच, पाऊस तोच, वाराही तोच, पण दोघांचं उत्तर वेगळं.

आपल्याकडे शरद म्हटलं की धुतलेलं आकाश आणि कोजागरीचं चांदणं. इथला शरद म्हणजे चिखल, लवकर पडणारा अंधार आणि दिवसातून तीनदा बदलणारी हवा. कडाक्याच्या थंडीत निर्णय सोपा असतो. चुका होतात त्या सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, कारण तेव्हा माणसाला थंडी वाजायला लागलेली असते आणि घोड्याला अजून वाजत नसते. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "अगं, घोड्याला कसला स्वेटर? आपल्याला बेंदराला बैलाच्या पाठीवर टाकतात तेवढीच झूल ठाऊक." तिचा प्रश्न चुकीचा नाही. इथल्याही बऱ्याच घोड्यांना शरदात स्वेटर लागत नाही. कोणाला लागतो आणि कधी, ते कसं ठरवायचं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी केसांचं गणित

घोड्याचे हिवाळी केस मुख्यतः दिवसाच्या लांबीवर वाढतात, थंडीचा त्यात दुय्यम हात असतो. जूनच्या अखेरीनंतर दिवस लहान व्हायला लागले की शरीराला इशारा मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरात उन्हाळी केस गळू लागतात आणि खालून दाट केस येतात. म्हणजे ऑक्टोबरात अंगावरचा कोट अर्धामुर्धा तयार असतो. हा मुद्दा डोक्यात पक्का ठेवा, कारण त्यामुळेच ऑक्टोबरातले आठ अंश आणि जानेवारीतले आठ अंश घोड्याला सारखे लागत नाहीत.

थंडी लागली की केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा कोंडली जाते. ती हवाच घोड्याची गोधडी. शिवाय वरच्या लांब केसांवर त्वचेतून येणारं तेल असतं. साधा पाऊस त्या केसांवरून ओघळून जातो आणि आतली त्वचा कोरडी राहते. म्हणून वरून चिंब दिसणारा घोडा आतून भिजलेला असेलच असं नाही. पण पाऊस तासन्‌तास लागला किंवा वाऱ्याने केस विस्कटत पाणी आत घुसवलं, की केस चपटे होतात आणि हवेची गोधडी गेली. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे कोरड्या थंडीत मजेत असणारा घोडा ओल्या वाऱ्यात कुडकुडतो.

आकड्यांत सांगायचं तर, सौम्य हवेत राहणाऱ्या निरोगी घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांत ऊब राखायला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. थंडीला सरावलेल्या, पोटभर खाणाऱ्या घोड्यांची खालची मर्यादा शून्याच्याही बरीच खाली जाते. माणसाचा असा आरामाचा पट्टा, अंगावर कपडे नसतील तर, पंचविशीच्या पुढेच सुरू होतो. आपली थंडी घोड्यावर लादायची नाही ती यासाठी. उलट केस उन्हाळी असतील किंवा पार भिजलेले असतील, तर घोड्याची खालची मर्यादा दहा-पंधरापर्यंत वर सरकते. शरदातला सगळा घोळ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

नॉर्वेतल्या संशोधकांनी हा प्रश्न थेट घोड्यांनाच विचारला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या होत्या: आडवी पट्टी म्हणजे झूल घाला, उभी म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे तसं राहू द्या. दोन आठवड्यांत सगळे शिकले. चांगल्या हवेत त्यांनी झूल नाकारली; गारठा, पाऊस आणि वारा एकत्र आले तेव्हा मागितली. माझ्या घोड्यांना फळे दाखवायला मला वेळ नाही, पण त्यांनी काय सांगितलं असतं त्याचा अंदाज बांधता येतो.

पायरी १: घोडा कोणता, ते लिहून ठेवा

हे सप्टेंबरातच, कोरड्या दिवशी करा. पावसात उभं राहून ठरवलं की आपण घोड्याच्या आधी स्वतःला झूल घालतो.

फासळ्यांवर तळहात फिरवा. हलक्या हाताला फासळ्या लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत, तर बांधा ठीक. दाबूनही लागत नसतील तर घोडा जाड आहे. डोळ्यांनी मोजता येत असतील तर बारीक. पशुवैद्य यालाच अंगयष्टीचा गुणांक म्हणतात. हेन्नके यांची १९८३ सालची १ ते ९ अशी मोजपट्टी सर्वत्र वापरतात आणि तिच्यात ५ म्हणजे मध्यम. माझा बार्नी पावणेपाचच्या आसपास, डॉटी सात. दर पंधरा दिवसांनी वजनफितीने (छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज देणाऱ्या फितीने) माप घेऊन आकडा भिंतीवर लिहा. डोळा रोज पाहून फसतो, फीत कमी फसते.

मग वय. विशीच्या पुढचे घोडे, दात झिजल्यामुळे वैरण नीट न चावणारे, आजारातून उठलेले आणि शिंगरं लवकर गारठतात. जातही बघायची. शेटलँड, फेल, एक्समूर, वेल्श या इथल्या डोंगराळ जातींची कातडी आणि केस याच पावसासाठी घडलेले आहेत. थरोब्रेड आणि अरबी घोड्यांची कातडी पातळ, केस बारीक.

शेवटचा प्रश्न: केस कापलेत का? नियमित स्वारीचा घोडा हिवाळी केसांत घामाघूम होतो, म्हणून इथे ऑक्टोबरात पहिली कापणी करतात. कापणी केली म्हणजे त्याची गोधडी आपण काढून घेतली, ती परत देणं आपलं काम. कापलेल्या घोड्याला झूल लागते, तिथे वादाला जागाच नाही. पुढचं बरंचसं विवेचन न कापलेल्या घोड्यांचं आहे.

पायरी २: शेतात आडोसा आहे का

उघड्या माळावर उभा घोडा आणि दाट कुंपणाच्या आडोशाला उभा घोडा यांचा पाऊस एक नसतो. लाकडी छप्पर असेल तर उत्तमच, पण दाट झुडपांची रांग किंवा दगडी भिंतही वारा मोडते. फक्त असलेला आडोसा घोड्याला वापरू दिला जातो का, तेही पाहा. कळपात खालच्या पायरीवरच्या घोड्याला बाकीचे छपराखाली येऊ देत नाहीत. बार्नीचं तेच होतं. डॉटी दारात उभी राहते आणि म्हातारा बाहेर भिजतो. अशा घोड्याच्या हिशेबात आडोसा नाहीच असं धरा.

पायरी ३: अंदाज वाचा, पण फक्त तापमान वाचू नका

मी संध्याकाळी हवामान खात्याच्या अंदाजात चार गोष्टी बघते. पाऊस किती तास सलग आहे. वारा किती. रात्रीचं सर्वात कमी तापमान किती. आणि उद्या सकाळी ऊन आहे का. चौथी गोष्ट बहुतेकजण विसरतात. रात्री सात अंश आणि पाऊस म्हणून जाड झूल घातली, सकाळी दहाला लख्ख ऊन पडून १५ अंश झाले, आणि आपण संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात. घोडा दिवसभर भट्टीत. घोड्याला स्वतःची झूल काढता येत नाही. जो दुपारी यार्डात येऊ शकत नाही त्याने थोडं कमी घालण्याच्या बाजूने झुकावं, हे माझं पक्कं मत.

माझे ढोबळ नियम असे आहेत. न कापलेला, मध्यम किंवा जाड, निरोगी घोडा असेल आणि हवा दहाच्या वर असेल, तर पाऊस असला तरी झूल नाही. पाच ते दहाच्या मध्ये तापमान, वारा जोरात, पाऊस पाच-सहा तासांहून जास्त आणि आडोसा नाही, अशा वेळी मध्यम बांध्याच्या घोड्याला बिनभरावाची, म्हणजे आत ऊब देणारा थर नसलेली, पावसाळी झूल. जाड तट्टाला तेव्हाही नाही, तो नुसता आडोशाला नेला तरी पुरे. म्हाताऱ्या किंवा बारीक घोड्यासाठी मी सगळे आकडे पाचने वर सरकवते, म्हणजे बार्नीला १२ अंशांतही वारा आणि सलग पाऊस असेल तर पातळ झूल मिळते. कोरड्या थंडीत, अगदी दोन-तीन अंशांत, न कापलेल्या निरोगी घोड्याला काहीच घालू नये. हे नियम आमच्या शेतातले आहेत. तुमचं शेत टेकडीच्या माथ्यावर असेल तर वाऱ्याला जास्त वजन द्या.

पायरी ४: हात घाला

सगळे आकडे एकीकडे आणि हा हात एकीकडे. भिजलेल्या घोड्याजवळ जा, खांद्यामागचे केस बोटांनी उलटे फिरवून मुळापर्यंत पोचा. त्वचा कोरडी आणि उबदार असेल तर केस आपलं काम करतायत, घरी जा. त्वचा ओली पण उबदार असेल, तर पाऊस थांबणार की लांबणार ते बघून ठरवा. ओली आणि गार असेल तर उशीर झालाय.

कान गार लागले म्हणून धावू नका. टोकाच्या अवयवांतून रक्त आत खेचून घेणं ही शरीराची नेहमीची युक्ती आहे. पाठ आखडून, शेपूट मांड्यांत दाबून, वैरण सोडून एका जागी थिजलेला घोडा जास्त बोलका असतो. थोडा वेळ कापरं भरणं हाही उष्णता तयार करायचाच मार्ग आहे, पण कापरं थांबतच नसेल तर घोडा गारठलाय. त्याला आत घ्या.

झूल आधीच अंगावर असेल तर हात आयाळ संपते तिथून, खांद्याच्या उंचवट्यामागे आत सरकवा. आत दमट आणि गरम लागलं तर झूल जाड आहे. मी हे सकाळ-संध्याकाळ करते.

पायरी ५: झुलीच्या आधी वैरण

घोड्याच्या पोटात मागच्या बाजूला मोठं आतडं आणि त्याच्या तोंडाशी अंधांत्र असतं. गवतातला चोथा तिथे आंबतो आणि त्यातून चोवीस तास उष्णता निघते. गारठ्याच्या रात्री सर्वात स्वस्त आणि सर्वात आतली झूल म्हणजे वाळलेलं गवत. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. वाळल्या गवतातही थोडं पाणी असतं, म्हणून काट्यावर हा आकडा थोडा जास्त धरायचा. मापट्याने नको, ताणकाट्याने मोजा. जाळीत भरलेलं गवत नेहमी असतं त्यापेक्षा जास्त वाटतं.

दाण्याच्या चंदीने ही ऊब मिळत नाही, ती लवकर पचून जाते. थंडी वाजते म्हणून चंदी वाढवणं ही जुनी सवय आहे, आणि शरदात ती धोक्याची, कारण पावसाने गवताला पुन्हा कोंब फुटलेले असतात आणि त्यात साखर भरपूर असते. जाड तट्टांना याच काळात खुरांची सूज येते. बार्नीच्या जाळीत मी पावसाळी रात्री दोन किलो जास्तीचं गवत टाकते. डॉटीला तिचं ठरलेलं मापच, फक्त बारीक भोकांच्या जाळीत, म्हणजे पहाटेपर्यंत पुरतं.

पहिल्या वर्षी मी उलट केलं होतं. मला थंडी वाजत होती म्हणून डॉटीवर दोनशे ग्रॅम भरावाची जाड झूल चढवली आणि वर चंदीही वाढवली. दोन दिवसांनी झूल काढली तर पाठ घामाने चिकट. त्याहून वाईट म्हणजे हिवाळाभर ती ऊब राखायला काहीच खर्च करत नव्हती, आणि मार्चमध्ये वजनफीत ऑक्टोबरापेक्षा जास्त दाखवत होती. डोंगराळ तट्टांनी हिवाळ्यात थोडं वजन उतरवणं हा त्यांच्या वर्षाचाच भाग आहे. ते उतरलं नाही तर वसंतातलं नवं गवत थेट खुरांवर येतं.

पायरी ६: कोणती झूल

दुकानात गेलात की खोगीरभरतीला मर्यादा नसते. शरदासाठी एका घोड्याला दोन पुरतात: एक बिनभरावाची, फक्त पाणी अडवणारी; आणि बारीक, म्हाताऱ्या किंवा कापलेल्या घोड्याला एक शंभर ग्रॅमच्या आसपासची. ग्रॅम म्हणजे आतल्या भरावाचं वजन, त्यावरून ऊब कळते. डेनियर हा दुसरा आकडा कापडाच्या चिवटपणाचा, ६०० पासून वर. त्याचा उबेशी संबंध नाही. मित्राच्या झुलीला चावणारे घोडे असतील तर १२०० च्या वर जा.

बिनभरावाच्या झुलीबद्दल एक तक्रार खरी आहे. ती केस दाबते आणि हवेची गोधडी काही अंशी मोडते. म्हणून कोरड्या थंडीत पातळ झूल घालणं म्हणजे कधीकधी घोड्याला आहे त्यापेक्षा गार करणं. ती पावसाची आणि वाऱ्याची झूल आहे, पाऊस थांबला की तिचं काम संपलं.

तबेल्यातली झूल बाहेर घालू नका. ती जलरोधक नसते, पाणी पिते आणि वजनदार ओलं घोंगडं पाठीवर बसतं. गेल्या वर्षीची झूल वापरणार असाल तर आधी नळीने पाणी मारून आत हात फिरवा. शिवणी गळत असतील तर पुन्हा जलरोधक लेप द्या. कपड्याच्या साबणाने झूल धुवू नका, त्याने तो लेप जातो.

पायरी ७: घालणं आणि काढणं

आधी घोड्याच्या अंगावरचा चिखल ब्रशने झटका. खरारा मात्र जपून, या दिवसांत रोज खोलवर खरारा केला तर त्वचेवरचं तेल निघतं आणि बिनझुलीच्या घोड्याचा पावसाळी कोट आपण स्वतःच खराब करतो.

झूल खांद्यांच्या थोडी पुढे टाका आणि केसांच्या दिशेने मागे ओढून बसवा. आधी छातीचे पट्टे, मग पोटाखालचे एकमेकांना छेदणारे पट्टे, शेवटी मागच्या पायांचे. पोटाच्या पट्ट्यात आणि पोटात एक तळहात मावला पाहिजे. मागच्या पायांचे पट्टे एकमेकांत अडकवून घ्या, म्हणजे मांड्या घासत नाहीत. काढताना उलटा क्रम: मागचे पाय, पोट, छाती. छाती आधी सोडली आणि घोडा बिचकला, तर झूल सरकून मागच्या पायांत अडकते आणि लाथांचा पाऊस पडतो.

भिजलेल्या घोड्याचं काय

चिंब घोड्यावर जाड झूल टाकली की ओल आत कोंडते. त्याला आत घ्या, पाणी निपटा, मऊ फ्लीसची झूल टाका. फ्लीस ओल बाहेर ओढते आणि वरती थेंब दिसू लागतात. ते दिसले की दुसरी कोरडी झूल. फ्लीस नसेल तर जुनी पद्धत अजून चालते: पाठीवर गव्हाच्या पेंढ्याचा थर, वर जाळीची किंवा सैल विणीची झूल. पेंढ्यातून वाफ निघून जाते. तासाभरात पाठ कोरडी होते, आणि तबेल्यात पेंढा सगळीकडे होतो, त्याला इलाज नाही.

झूल असली तरी रोज एकदा ती पूर्ण काढून पाठ बघा. सतत ओली राहिलेली त्वचा डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूला आवडते. त्याने केसांचे झुबके चिकटून खपल्या धरतात, उपटल्या तर खाली रंगाच्या ब्रशासारखा गुच्छ हाताला येतो आणि त्वचा लालसर दिसते. याला इथे पावसाची भाजणी म्हणतात. गळक्या झुलीखालीही ती होते आणि उघड्यावरही होते. खपल्या दिसल्या तर आधी कोरडं करा आणि पशुवैद्याला दाखवा. सह्याद्रीतल्या आपल्या पावसाळ्यात घोड्याला थंडीचा प्रश्न क्वचितच येतो, हवा साधारण विशीच्या आसपासची असते, पण ओल्या त्वचेचा हा त्रास तिथेही येतो. तिथल्या मोतद्दारांना झुलीपेक्षा कोरड्या जागेचं महत्त्व जास्त कळतं, ते बरोबरच आहे.

रोज झूल काढण्याचं आणखी एक कारण: तिच्याखाली वजन लपतं. बार्नीच्या आधीच्या मालकाने त्याला शरदात झूल चढवली ती वसंतात नीट बघितली, तोवर फासळ्या उघड्या पडलेल्या होत्या. वरून झूल नेहमीसारखीच गोल दिसत होती.

तर त्या दुपारी. अंदाजात सकाळी सहापर्यंत सलग पाऊस, जोराचा वारा, रात्री आठ अंश, उद्या दहानंतर ऊन. डॉटीच्या केसांत हात घातला, मुळाशी कोरडं आणि उबदार. ती तशीच, फक्त भिंतीच्या बाजूच्या शेतात. बार्नीची त्वचा ओलसर आणि गार होऊ लागली होती. त्याला आत घेतलं, फ्लीसखाली वाळवलं, मग बिनभरावाची झूल घालून वेगळ्या कुंपणात दोन किलो जास्त गवत देऊन सोडलं. शंभर ग्रॅमची काढून ठेवली होती, पण सकाळी मला कामावर लवकर जायचं होतं आणि यार्डात झूल काढायला कोणी नव्हतं. सकाळी सव्वासहाला टॉर्च घेऊन हात घातला तेव्हा पाठ कोमट होती. झूल काढून गजावर टाकली, तिच्यातून पाणी ठिबकत होतं.